बांधकाम, बाबा आणि संध्याकाळचं कॉलेज



गेल्या वर्षी आम्ही घराच्या मागच्या बाजूला एक खोली वाढवायला काढली. आई-बाबा पुण्याहून सहा महिने राहायला येणार होते आणि बाबांचे गुडघे आता जिना म्हटलं की कुरकुरतात. काँट्रॅक्टरने आठ आठवडे सांगितले. मी स्वतः दिवसभर ऑफिसात लोकांना तारखाच वाटत असतो, त्यामुळे मनातल्या मनात मी आठाचे बारा करून टाकले. खोली झाली एकविसाव्या आठवड्यात. त्यातले तीन आठवडे नुसते वाया गेले, कारण भिंतींना बोर्ड ठोकून झाल्यावर कुणाला तरी आठवलं की आतल्या वायरिंगचं इन्स्पेक्शन राहिलंय. मग बोर्ड काढा, इन्स्पेक्टरची तारीख मिळवा, पुन्हा बोर्ड ठोका...

हे रामायण मी फोनवर बाबांना सांगत होतो. बाबा पुण्यात तीस वर्षं साईट सुपरवायझर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, झाकायच्या आधी काय काय बघून घ्यायचं त्याची यादी आधी करायची असते. तुझ्या त्या माणसाकडे डायरी नाही का?"

डायरी. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर या रागातून म्हणा किंवा कुतूहलातून म्हणा, मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या एका वर्गाला नाव घातलं. आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी सहा ते नऊ. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना एका युनिटला ४६ डॉलर, तीन युनिटांचे १३८. ऑफिसातल्या मित्रांबरोबरच्या एका जेवणाला कधीकधी याहून जास्त जातात.

पहिल्या दिवशी सरांनी (हे स्वतः निवृत्त साईट सुपरिंटेंडेंट) प्रत्येकाला विचारलं, "तुम्ही इथे का आलात?" मी गंमत म्हणून माझ्या खोलीची गोष्ट सांगितली, सगळे हसले. माझ्या शेजारी चाळिशीचा एक माणूस बसला होता, हाताला अजून पांढरी पूड लागलेली. तो म्हणाला, "मी चौदा वर्षं बोर्ड ठोकतोय. आठ वर्षं माझ्या हाताखाली माणसं आहेत. काम मला येतं. पण आता फोरमनच्या वरची जागा हवी तर ऑफिसवाले म्हणतात, शेड्यूल बनवता येतं का? कागद आहे का?"

माझं हसू तिथेच विरलं. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, मराठीतून, आमच्या स्वयंपाकघरात.

बाबा जुन्या अकरावीनंतर एक वर्ष कॉलेजात गेले. आजोबा वारले आणि बाबा एका काँट्रॅक्टरकडे टाईमकीपर म्हणून लागले. म्हणजे सकाळी बिगाऱ्यांची हजेरी घ्यायची आणि शनिवारी पगार वाटायचा. तिथून सुपरवायझर झाले. मग तिथेच थांबले. दर दोन-तीन वर्षांनी एक नवा डिग्रीवाला इंजिनीअर यायचा, सेंटरिंग कधी खोलायचं ते बाबांना विचारायचा आणि वर्षभरात बाबांचा साहेब व्हायचा. बाबा त्याबद्दल कधी फारसं बोलले नाहीत. एकदाच आईला म्हणाले होते, "काम येतं गं, कागद नाही."

पुण्यातल्या साईटवरचा आणि कॅलिफोर्नियातल्या वर्गातला माणूस एकच वाक्य बोलतात म्हणजे या कागदाला काहीतरी इतिहास असणार. मग काय, पुढचे चार-पाच वीकांत मी त्यातच घालवले. जे सापडलं ते हे असं.

*

सुरुवात करू अशा काळापासून, जेव्हा बांधकामाचं व्यवस्थापन असा विषयच नव्हता. बांधकाम होतं, व्यवस्थापनही होतं, पण ते कुणाच्या तरी डोक्यात असायचं आणि त्या माणसाबरोबरच जायचं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचंच घ्या. १८६९ साली मूळ आराखडा करणारे जॉन रोबलिंग वारले आणि काम मुलाकडे, वॉशिंग्टन रोबलिंगकडे आलं. नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेत उतरून काम करताना वॉशिंग्टनला जो आजार जडला, त्याने १८७२ मध्ये तो अंथरुणाला खिळला. पुढची अकरा वर्षं साईटवर त्याचे निरोप नेणारी, इंजिनीअरांच्या शंका ऐकून उत्तरं आणणारी व्यक्ती होती त्याची बायको, एमिली वॉरन रोबलिंग. तिने केबलचं गणित, मालाची ताकद, सगळं घरी बसून शिकून घेतलं. २४ मे १८८३ ला पूल उघडला. तिच्याकडे इंजिनीअरिंगची कुठलीही पदवी नव्हती. पण ती शिकू शकली याचं कारण घरातच चीफ इंजिनीअर होता! ज्याच्या घरात नाही त्याने काय करायचं, हा खरा प्रश्न.

त्याचं एक उत्तर फ्रँक गिलब्रेथ नावाच्या पोराकडे मिळतं. १८८५ साली, सतराव्या वर्षी, हा बॉस्टनमध्ये गवंड्याच्या हाताखाली लागला. त्याच्या लक्षात आलं की शिकवणारे गवंडी विटा लावायच्या वेगवेगळ्या तऱ्हा शिकवतात. इतकंच नाही, तर एकच गवंडी हळू काम करताना एक तऱ्हा वापरतो, घाईत दुसरी. आता यातली बरोबर कुठली? तो बघत राहिला. गवंडी प्रत्येक विटेसाठी कमरेत वाकतोय, म्हणजे सबंध शरीराचं वजन खाली नेतोय आणि वर आणतोय, कशासाठी तर एका विटेसाठी! गिलब्रेथने वर-खाली करता येणारी परांची बनवली, विटा आणि माल कमरेच्या उंचीला आणला, चांगली बाजू आधीच वर करून ठेवायला दुसरा माणूस लावला. एक वीट लावायला अठरा हालचाली लागायच्या, त्या पाचावर आल्या. तासाला १२० विटांच्या जागी ३५० लागायला लागल्या. १९०९ साली त्याने विटकामावर पुस्तकच काढलं.

यातला माझ्या कामाचा तपशील वेगळाच आहे. दिवसभर विटा उचलून गिलब्रेथ रात्रशाळेत जायचा, यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकायला. पाच वर्षांत तो सुपरिंटेंडेंट झाला. साईटवरची नजर आणि कागदावरची रेघ एकाच माणसात आली ती रात्रीच्या वर्गामुळे.

(गिलब्रेथच्या शोधाला दुसरी बाजूही आहे. आधी कसब गवंड्याच्या हातात होतं, आता ते मालकाच्या पुस्तकात गेलं. हा धागाही सोडू नका.)

पुढचा टप्पा, एम्पायर स्टेट बिल्डिंग. १७ मार्च १९३० ला बांधकाम सुरू, १ मे १९३१ ला उद्घाटन. ४१० दिवस, १०२ मजले. काँट्रॅक्टर स्टॅरेट ब्रदर्स अँड एकन. ऐन भरात दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास माणसं कामावर होती. मॅनहॅटनमध्ये माल साठवायला जागा नाही, त्यामुळे पोलाद येईल ते थेट वर चढणार. कुठला तुकडा कुठल्या मजल्यावर हे त्यावर आधीच रंगवलेलं. प्रत्येक मजल्यावर छोटे रूळ टाकून विटांच्या ढकलगाड्या फिरवल्या. जेवायला खाली उतरण्यात वेळ जाऊ नये म्हणून मजल्यांवरच उपाहारगृहं. अधिकृत आकड्यांप्रमाणे पाच कामगार दगावले, तेही विसरू नये.

आणि गंमत म्हणजे हे सगळं कॉम्प्युटरशिवाय, आजच्या कुठल्याही शेड्यूलिंगच्या शास्त्राशिवाय! हेन्री गँटचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते तोवर आले होते, बाकी सारी भिस्त अनुभवी माणसांच्या डोक्यावर आणि वह्यांवर. त्या काँट्रॅक्टरच्या कचेरीतली एक टाईप केलेली वही १९९८ साली पुस्तकात जशीच्या तशी छापली गेली. कुठल्या कामाला किती माणसं, कसं सामान वर नेलं, सगळं त्यात आहे. म्हणजे डायरीच की ही!

*

आता आपल्या लोकांच्या (म्हणजे कीबोर्ड बडवणाऱ्यांच्या) आवडीचा भाग.

१९५६-५७ च्या सुमारास ड्युपाँ या रसायनांच्या कंपनीकडे युनिव्हॅक नावाचा अगडबंब कॉम्प्युटर होता आणि त्याच्याकडून आणखी काय काम करून घेता येईल याचा शोध चालू होता. ड्युपाँचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली या दोघांनी प्रश्न घेतला कारखान्याच्या बांधकामाचा. कामांची यादी करा, कुठलं काम कुठल्या कामानंतर ते लिहा, प्रत्येकाला किती दिवस ते लिहा. मग मशीनला विचारा, हे सगळं कमीत कमी किती दिवसांत होईल आणि नेमकी कुठली कामं लांबली तर सगळंच लांबेल? हीच ती क्रिटिकल पाथ मेथड. अमेरिकन नौदलात पोलारिस क्षेपणास्त्रासाठी साधारण त्याच वेळी, १९५८ मध्ये, पर्ट नावाची सख्खी बहीण जन्माला आली.

माझ्या खोलीवरच बघू. सांगाडा उभा राहिला की वायरिंग आणि प्लंबिंग एकदम सुरू करता येतं. वायरिंगला पाच दिवस, प्लंबिंगला तीन. दोन्ही झाल्याशिवाय इन्स्पेक्शन नाही, इन्स्पेक्शनशिवाय बोर्ड नाहीत, बोर्डांशिवाय रंग नाही. प्लंबर दोन दिवस उशिरा आला तरी काही बिघडत नाही, पण वायरमन एक दिवस उशिरा आला तर अख्खी खोली एक दिवस पुढे जाते. म्हणजे आरडाओरडा कुणावर करायचा हे गणिताने ठरतं. (मी सतत प्लंबरवर ओरडत होतो.) कॉलेजात ग्राफ शिकला असाल तर ओळखलं असेल, हा जाळ्यातला सर्वांत लांब रस्ता आहे, बाकी काही नाही. आपण कोड बिल्ड करतो तेव्हा कुठली फाईल आधी हे ठरवणारं टूल याच घराण्यातलं.

ड्युपाँने ही पद्धत लुइव्हिलच्या कारखान्यात देखभालीसाठी यंत्रं बंद ठेवायच्या वेळेवर लावली. सरासरी १२५ तास लागायचे ते ९३ वर आले. केली आणि वॉकर यांनी १९५९ मध्ये हा निबंध वाचला तो बॉस्टनमध्ये, एका कॉम्प्युटर परिषदेत. म्हणजे बांधकामाचं सर्वांत महत्त्वाचं नियोजनशास्त्र जगासमोर मांडलं गेलं ते सॉफ्टवेअरवाल्यांच्या मेळाव्यात. एनिॲक बनवणाऱ्या जोडीतल्या जॉन मॉकलीने त्याच वर्षी स्वतःची कंपनी काढली आणि ही पद्धत शिकवायचे वर्ग सुरू केले.

झालं! १९६० च्या दशकात सरकारी कामांच्या करारांत असं जाळं मागितलं जाऊ लागलं. आणि इथेच तो "कागद" जन्माला आला असं मला वाटतं. तोवर ज्याला काम येतं तो सुपरिंटेंडेंट. आता ज्याला कामाचं जाळं कागदावर मांडता येतं तो. ज्याच्या डोक्यात तीच गोष्ट तीस वर्षं आहे, पण मांडता येत नाही, तो एका रात्रीत अडाणी ठरला. पाठोपाठ पदव्या आल्या. बांधकाम शिकवणाऱ्या महाविद्यालयांची संघटना १९६५ मध्ये, त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद १९७४ मध्ये. बांधकाम व्यवस्थापन हा सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेजारी उभा राहिलेला वेगळा विषय झाला. भिंत बांधून झाली.

पण या भिंतीतच एका माणसाने एक खिडकी ठेवली, त्याचं नाव मला या वर्गाच्या आधी माहीतही नव्हतं. जॉन फाँडाल, स्टॅनफर्डचे प्राध्यापक. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. १९६१ साली त्यांनी नौदलासाठी एक अहवाल लिहिला. सांगणं साधं होतं. छोट्या काँट्रॅक्टरकडे युनिव्हॅक कुठून येणार? हे गणित कागद-पेन्सिलने करता येतं, हे पहा कसं. काम म्हणजे एक गोल, आणि आधीच्या कामापासून पुढच्या कामापर्यंत एक रेघ. बस. ड्युपाँच्या पद्धतीत काम म्हणजे बाण असायचा आणि त्यात खोटे-खोटे बाणही घालावे लागायचे. फाँडालांची रीत शिकायला इतकी सोपी की आजची बहुतेक सगळी शेड्यूलिंगची सॉफ्टवेअरं तीच वापरतात.

ज्ञान महागड्या मशीनमधून काढून पेन्सिलीवर आणणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! पेन्सिलीने येणारी गोष्ट संध्याकाळच्या वर्गात शिकवता येते.

*

मग तो संध्याकाळचा वर्ग आला कुठून?

इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली. शाळांचे अधीक्षक जे. स्टॅनली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांची ती कल्पना. हायस्कूलनंतरची दोन वर्षं गावातच शिकवायची, पुढे ज्याला जायचंय तो विद्यापीठात जाईल. पहिल्या वर्षी विद्यार्थी किती? सहा. जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही चालू आहे. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये हायस्कूलांना असे वर्ग काढायची मुभा देणारा कायदा केला आणि १९१० मध्ये फ्रेस्नोत पहिला वर्ग भरला. तरी ही होती विद्यापीठाची धाकटी पाती. विटा उचलणाऱ्याला तिथे फारसं काम नव्हतं.

बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धाने. २२ जून १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी जी. आय. बिलावर सही केली. घरी परतणाऱ्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकार देणार आणि घर घ्यायला कर्जाची हमीही देणार. एकाच कायद्याने लाखो घरांना मागणी निर्माण केली आणि ती बांधू शकणारी माणसंही शिकवली! सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षणाचा लाभ घेतला. त्यातले जेमतेम २२ लाख कॉलेजांत गेले. बाकीचे धंदेशिक्षण, उमेदवारी, शेतीशिक्षण यांत. पण अंमलबजावणी स्थानिक हातांत होती, त्यामुळे दक्षिणेत कृष्णवर्णीय सैनिकांना हे दार बऱ्याचदा बंदच मिळालं. एकच गणवेश, एकच युद्ध, पण परत आल्यावर रांगा वेगळ्या.

डिसेंबर १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला, अध्यक्ष जॉर्ज झूक. त्यात म्हटलं होतं की तेरावी-चौदावीपर्यंतचं शिक्षण सर्वांना मोफत आणि भेदभावाशिवाय मिळालं पाहिजे, आणि ते गावागावांत मिळालं पाहिजे. "कम्युनिटी कॉलेज" हा शब्द रूढ झाला तो या अहवालामुळे. विद्यापीठात जायची पायरी एवढंच त्याचं काम नाही; त्या गावात जी कामं आहेत ती शिकवणं, नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना रात्री शिकवणं, हेही त्याचंच काम.

१९६० मध्ये कॅलिफोर्नियाने क्लार्क केर यांच्या पुढाकाराने मास्टर प्लॅन केला. हायस्कूलमधली वरची साडेबारा टक्के मुलं कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरची एक तृतीयांश राज्य विद्यापीठात, आणि ज्याला शिकायचंय अशा कुणालाही कम्युनिटी कॉलेजात प्रवेश. मार्क नकोत, वशिला नको. साऱ्या देशात त्या दशकात साडेचारशेच्या वर नवी सरकारी कम्युनिटी कॉलेजं निघाली. कॅलिफोर्नियात तर १९८४ पर्यंत फीच नव्हती!

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १९५९ ला ड्युपाँचा निबंध, १९६० ला मास्टर प्लॅन, १९६१ ला फाँडालांचा अहवाल. ज्या दोन-तीन वर्षांत अनुभवी माणसासमोर कागदाची भिंत उभी राहिली, त्याच वर्षांत त्याच भिंतीत दार बसवलं गेलं. हे कुणी ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही. पण दार नसतं तर भिंतीचं काय झालं असतं ते मी आमच्या घरात बघितलंय.

आता कुणी म्हणेल, किती ते अमेरिकेचे गोडवे! थांबा. १९६० सालीच बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने सॅन होझेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून एक बोचरा मुद्दा मांडला. ही कॉलेजं दार सताड उघडं ठेवतात खरी, पण आत आलेल्या अनेकांच्या आकांक्षा हळूहळू, गोड बोलून थंड केल्या जातात. सल्लागार सांगतो, तुला विद्यापीठ झेपणार नाही, हा दोन वर्षांचा कोर्स बघ. मुलाला वाटतं आपणच कमी पडलो, व्यवस्थेला कुणी दोष देत नाही. यासाठी क्लार्कने वापरलेला शब्द ठगांच्या भाषेतून आलेला होता: फसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढून त्याला शांत करायचं.

हा मुद्दा मला सहज झटकता येत नाही. आमच्याच वर्गात सुरुवातीला एकतीस जण होते, आता एकोणीस उरलेत. दिवसभर छपरावर काम करून संध्याकाळी सहाला जागं राहणं सोपं नाही. दार उघडं असणं आणि आत पोचणं यात फरक आहे.

*

आणि दार कुठल्या मजल्यावर उघडतं हाही प्रश्न आहे. त्यासाठी जरा पुण्याला जाऊन येऊ, कारण तिथे असाच एक वर्ग जोलिएटच्या सत्तेचाळीस वर्षं आधी निघाला होता.

जुलै १८५४ मध्ये पुण्यात "पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल" सुरू झालं. आजच्या सीओईपीचं हे मूळ. उद्देश स्वच्छ होता: इमारती, धरणं, कालवे, रेल्वे, पूल अशा सरकारी कामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणं. दुय्यम. वर गोरा साहेब, खाली मजूर, आणि मधे शिकलेला देशी माणूस, जो साईट चालवेल पण साईटचा मालक होणार नाही. क्लार्कने सॅन होझेत जे दबक्या पावलांनी चाललेलं पाहिलं, ते इथे सरळ उद्देशातच लिहिलेलं होतं.

पण वर्ग काढणाऱ्याच्या हेतूत वर्ग मावत नाही. दुय्यम माणसं घडवायला काढलेली ती शाळा दहा-बारा वर्षांत कॉलेज झाली, आणि तिथूनच १८८३ साली विश्वेश्वरय्या बाहेर पडले. पुढे त्यांनी काय काय बांधलं ते आपल्याला पाठ आहे. एकदा माणसाच्या हातात शास्त्र दिलं की त्याने कुठल्या पायरीवर थांबायचं हे देणारा ठरवू शकत नाही.

मात्र ही शाळा वाढत वाढत इतकी मोठी झाली की तिथे शिरायला बारावीचे आणि प्रवेशपरीक्षेचे डोंगर चढावे लागतात. १९८३ मध्ये निघालेल्या निकमारसारख्या संस्थांनी आपल्याकडे बांधकाम व्यवस्थापनाचं शिक्षण आणलं, पण मुख्यतः आधीच पदवी असलेल्यांसाठी. टाईमकीपर म्हणून लागलेल्या, घर चालवणाऱ्या तिशीतल्या माणसाने संध्याकाळी सहा वाजता कुठे जायचं, याचं उत्तर बाबांना पुण्यात मिळालं नाही. त्या काळी पोलिटेक्निकं होती, पण ती बहुतेक दिवसाची नोकरी सोडून जाणाऱ्यांची. हुशारी कमी पडली, असं मी लहानपणी मनात कुठेतरी धरून चाललो होतो. आज ते लिहिताना लाज वाटते.

*

आई-बाबा मार्चमध्ये आले. नव्या खोलीत शिरल्या शिरल्या बाबांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं, दाराच्या चौकटीला डोळा लावून ओळंबा बघितला आणि "ठीक आहे" म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे डिस्टिंक्शन.

एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर गृहपाठ पसरून बसलो होतो. दुमजली इमारतीचं जाळं काढायचं होतं, फाँडालांच्या पद्धतीने, गोल आणि रेघा. बाबा चहा घेऊन शेजारी बसले. त्यांना इंग्रजी नावं मी मराठीत सांगितली. दोन मिनिटं बघून त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं.

"स्लॅब टाकला आणि लगेच वरच्या भिंती? पाणी मारायचे दिवस कुठे गेले?"

"बाबा, त्याला माणूस लागत नाही ना, म्हणून मी वेगळा गोल नाही काढला."

"माणूस लागत नाही, पण दिवस लागतात ना?"

बरोबर होतं. थांबणं हेही काम आहे, आणि त्या इमारतीचा सर्वांत लांब रस्ता नेमका त्या थांबण्यातून जात होता. मी गोल काढला, इमारत पाच दिवसांनी लांबली. ऑफिसात माझ्या तारखा का चुकतात हेही त्या गोलाने मला सांगितलं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

मग मी त्यांना विचारलं, तुमच्या डायरीत काय असायचं? ते म्हणाले, विशेष काही नाही. डाव्या पानावर पुढच्या तीन आठवड्यांची कामं, उजव्या पानावर प्रत्येकाआधी काय यायला हवं: सळ्या, खडी, माणसं, कुणाची तपासणी. दर शनिवारी पगार वाटून झाला की नवं पान. मी माझं पाठ्यपुस्तक उघडून दाखवलं. तिथे हाच तक्ता छापलेला आहे, त्याला तीन आठवड्यांचा लुक-अहेड म्हणतात, त्यावर परीक्षेत प्रश्न असतो. बाबांनी चष्मा लावून तो तक्ता बराच वेळ बघितला.

"फी किती म्हणालास?"

"१३८ डॉलर."

"आणि वयाची अट?"

"नाही काही."

ते काही बोलले नाहीत. कप उचलून आत ठेवायला गेले. परत आले ते पेन्सिल घेऊनच. खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "वरच्या मजल्याचं सेंटरिंग दाखव बघू. तिथेही तू घाई केली असशील."

केली होती.

असो. गुरुवारी परीक्षा आहे, अभ्यासाला बसतो. तुमच्या घरी किंवा ओळखीत असं कुणी असेल, ज्याला काम येतं पण कागद नाही, तर त्याच्याकडे डायरी आहे का एवढं एकदा विचारून बघा.